कॅमेऱ्याची मूठ

क्रिकेटचा सामना पडद्यावर पाहणाऱ्या प्रत्येकाने एक चमत्कार अनेकदा पाहिला आहे. फलंदाज पायचीत झाला की नाही याविषयी वाद उपस्थित होतो, आणि क्षणभराने चेंडूचा मार्ग पडद्यावर रेखला जातो. आपली दृष्टी गोलंदाजाच्या मागून निघते, पंचांच्या डोक्यावरून खाली उतरते आणि यष्टींच्या शेजारी येऊन थांबते. त्या जागी कॅमेरा घेऊन कोणी उभा नव्हता. उभा असता तर चेंडू त्याच्या कपाळीच बसला असता. २००१ साली लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत हॉक-आय या योजनेने हे दृश्य प्रथम दाखविले. आज घरातील शाळकरी पोरालाही त्याचे नवल वाटत नाही. जे नवलाचे राहिले नाही त्याचाच इतिहास पाहण्याजोगा असतो, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

असा जो कॅमेरा कोठेच नसतो आणि तरी चित्र दाखवितो, त्याला आभासी कॅमेरा म्हणतात. त्याचे दोन प्रकार ध्यानात घेतले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल. पहिला प्रकार अगदी साधा. एक कॅमेरा जागेवर पक्का बसवून त्याने संपूर्ण रंगमंच किंवा मैदान टिपावयाचे, आणि त्या मोठ्या चित्रातून हवी तेवढी चौकट कापून ती प्रेक्षकांस दाखवावयाची. चौकट सरकली की कॅमेरा वळल्याचा भास होतो. चौकट आकुंचली की तो जवळ गेल्याचा भास होतो. दुसरा प्रकार अधिक खटपटीचा. मैदानाभोवती पुष्कळ कॅमेरे लावावयाचे, त्या सर्वांच्या चित्रांवरून संगणकाने मैदानाची त्रिमिती प्रतिकृती तयार करावयाची, आणि मग त्या प्रतिकृतीत मनास येईल तेथून पाहावयाचे. दोन्ही प्रकारांत या कॅमेऱ्याला स्वतःची काच नाही, तिवई नाही, वजन नाही. मग ज्या वस्तूला देहच नाही तिला वळवावयाचे कशाने? तिची मूठ कोठे बसवावयाची, आणि ती कोणाच्या हाती द्यावयाची?

यंत्ररचना करणारे विद्वान या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देतात. नियंत्रण 'सहज' असावे, शिकविल्यावाचून कळावे, असे ते म्हणतात. शब्द गोड आहे. परंतु सहज कोणाला? आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. यंत्रांविषयी जे काही कळले ते यंत्र चालविणाऱ्यांच्या शेजारी बसून कळले. त्या शिदोरीवर आमचे म्हणणे असे आहे की, सहजपणा हा हाताने कमवावा लागतो. कॅमेऱ्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात तो कॅमेरा चालविणाऱ्या माणसांनी कमावला, आणि आजचा देहहीन कॅमेराही त्यांच्याच कमाईवर चालतो. हे म्हणणे पुराव्याने मांडावयाचे तर प्रारंभापासून सुरुवात करणे प्राप्त आहे.

१८९५ साली फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनी आपले यंत्र लोकांपुढे आणले. त्याला एक लहानसा हातदांडा होता. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे टिपली जात, आणि सेकंदाला दोन फेरे द्यावयाचे; म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे. हात घाईला आला तर पडद्यावरची माणसे मंद चालत, हात रेंगाळला तर ती धावू लागत. कामगाराचा हात हेच त्या यंत्राचे घड्याळ होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ही चित्रे प्रथम दाखविली गेली, आणि १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमध्ये भरलेली कुस्ती आपल्या कॅमेऱ्याने टिपली. त्या कुस्तीत पैलवानांच्या अंगाला जसा घाम आला असेल, तसा सावेदादांच्या मनगटालाही आला असला पाहिजे.

बोलपट आले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला चोवीस चित्रांचा वेग ठरून गेला. हे काम विजेच्या मोटारीकडे गेले आणि दांडा फिरविणारे मनगट रिकामे झाले. परंतु हात रिकामा बसला नाही. आता त्याच्याकडे कॅमेरा वळविण्याचे नाजूक काम आले. आडवे वळविणे म्हणजे पॅन, आणि वर-खाली कलविणे म्हणजे टिल्ट. चित्रपटांच्या स्टुडिओंत कॅमेऱ्याखाली दातेरी चक्रांची बैठक आली. तिला दोन फिरत्या चकत्या असत, एक पॅनसाठी आणि एक टिल्टसाठी. एका हाताने एक चकती, दुसऱ्या हाताने दुसरी. पळत्या घोड्यावरची नजर ढळू न देता दोन्ही हात निरनिराळ्या गतीने फिरवावयाचे हे काम पेटी वाजविण्याइतकेच अवघड आहे. म्हणून शिकाऊ माणसे भिंतीवर इंग्रजी आठाचा आकडा काढतात आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो गिरवीत बसतात. आकडा वाकडातिकडा न होता गिरवता आला म्हणजे हात तयार झाला असे समजावयाचे. बालवर्गातील मूल पाटीवर धुळाक्षरे गिरविते, त्यातलाच हा प्रकार.

याच सुमारास दुसरी एक सुधारणा झाली. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी द्रवाची बैठक तयार केली. तिच्यात दाट तेलासारखा द्रव असतो आणि तो कॅमेऱ्याच्या वळण्याला किंचित विरोध करतो. वळविणे सोपे करावयाचे तर विरोध वाढवावा, ही गोष्ट प्रथम ऐकताना विचित्र वाटेल. परंतु ज्याने विहिरीवर रहाट ओढला आहे किंवा जात्यावर दळण दळले आहे त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. हाताला थोडे ओझे लागले तरच हात संथ चालतो. मोकळ्या, हलक्या वस्तूला हात लागला की ती झटका खाते. हे ओझे आपण लक्षात ठेवावे. देहहीन कॅमेऱ्याची सारी अडचण पुढे येथेच येऊन ठेपणार आहे.

आता थेट चित्राकडे वळू. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू झाले आणि १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून तीन कॅमेऱ्यांनी घरोघर दाखविली. चित्रपटात चुकले तर पुन्हा घेता येते. थेट प्रक्षेपणात राजाची गाडी पुन्हा मागे वळवून आणता येत नाही. येथे कॅमेरा चालविणाऱ्याला वेगळेच व्याकरण शिकावे लागले. कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला म्हणजे आपले चित्र जगासमोर चालले आहे; मग हात संथ. दिवा विझला म्हणजे पुढच्या चित्रासाठी धावपळ; मग हात चपळ. पुढे कॅमेऱ्याच्या तोंडाशी निरनिराळ्या पल्ल्यांच्या भिंगांचे फिरते चाक आले. ते फिरवावयाचे तर दिवा विझलेला असतानाच, नाही तर प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे सारे चित्र गरकन फिरे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फ्रँक बॅक यांचे झूम भिंग खेळांच्या प्रक्षेपणात आले आणि एकाच भिंगाने दूरचे जवळ करता येऊ लागले. स्टुडिओतील कॅमेऱ्याला मागे दोन दांडे असतात. त्यांपैकी उजव्या दांड्यावर अंगठ्याने दाबावयाचे झूमचे बटण आणि डाव्या दांड्यावर फोकसची फिरकी, अशी वाटणी रूढ झाली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हे दांडे कॅमेऱ्याच्या मागे, चालविणाऱ्याच्या पोटाकडे आलेले असतात. त्यामुळे कॅमेरा उजवीकडे वळवावयाचा तर दांडा डावीकडे न्यावा लागतो. कॅमेरा वर उचलावयाचा तर दांडा खाली दाबावा लागतो. कागदावर लिहिले तर हे सारे उलटे दिसते. परंतु दहा वर्षे कॅमेरा चालविलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, उलटे काय आहे त्यात? होडीचे सुकाणू धरणाऱ्या कोळ्याला विचारा, तोही हेच म्हणेल. मधला खिळा स्थिर आणि दोन्ही बाजूंना दांडी, मग एक टोक इकडे गेले की दुसरे तिकडे जाणारच. उलट, नियंत्रणाच्या पेटीवर बसविलेल्या लहान उभ्या दांडीवर, जिला जॉयस्टिक म्हणतात, उजवीकडे ढकलले की चित्र उजवीकडे जाते. व्हिडिओ-खेळ खेळून वाढलेल्या मुलाला तेच सहज वाटते. मग खरे सहज कोणते? दोन्ही. ज्या हाताने जे कमावले ते त्या हाताला सहज.

आमच्या कामातला एक अनुभव सांगितल्यावाचून येथे राहवत नाही. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, जुनी यंत्रे काढून नवी आणली. नवी यंत्रे सरस होती यात वाद नाही. पण यंत्र थांबविण्याचे बटण जुन्यात उजव्या मांडीशी होते, ते नव्यात डाव्या खांद्याशी गेले. संकटाच्या क्षणी माणूस विचार करीत नाही, हात करतो. आणि हात जुन्या जागी जाई. दोन माणसांची बोटे दुखावल्यावर चौकशी झाली आणि तिचा निष्कर्ष 'कामगारांचा निष्काळजीपणा' असा निघाला. यंत्र मागविताना ते चालविणाऱ्या एकालाही कोणी बटणाची जागा विचारली नव्हती. ती जागा बदलून घेण्यास संघटनेला आठ महिने लागले. तेव्हापासून 'सहज' हा शब्द कानावर आला की आम्ही विचारतो, कोणाला विचारून ठरविले?

कॅमेऱ्याच्या धंद्यातही विचारल्यावाचून ठरविण्याचे दिवस आले. कॅमेऱ्याखाली मोटारी बसल्या आणि माणूस दुसऱ्या खोलीत गेला. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाचे दूरचित्रण २१ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झाले ते अशाच दुरून हलविलेल्या कॅमेऱ्यांनी; सभागृहात कॅमेरा चालविणारा एकही दिसत नव्हता. तेथे ते शोभलेही, कारण गर्दीच्या सभागृहात कॅमेरेवाल्यांना जागा कोठून असणार? परंतु अमेरिकेतली हकीकत निराळी आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात एनबीसी या कंपनीतील नाबेट संघटनेच्या सुमारे २,८०० तंत्रज्ञांनी संप केला. तो १७ आठवडे चालला. त्यानंतरच्या काळात त्याच कंपनीच्या बातम्यांच्या स्टुडिओत माणसावाचून फिरणारे कॅमेरे आले. बातमीदार खुर्चीवर, समोर तीन यंत्रे, आणि सारी एकाच टेबलावरून हलविली जात. मोटारीने कोणाचा हात हिरावला हे तेथे उघड दिसले.

हाताचा गुण मात्र त्या टेबलावर पुरता उतरला नाही. दांड्याने कॅमेरा वळविताना हात जितका जाईल तितकाच कॅमेरा वळतो. हात थांबला की तो थांबतो. जॉयस्टिकवर तसे नसते. ती जितकी कलवावी तितक्या वेगाने कॅमेरा फिरत राहतो, आणि सोडली की थांबतो. एकात हात जागा सांगतो, दुसऱ्यात वेग. रस्ता दाखविताना बोट दाखवून 'तेथे' म्हणणे निराळे आणि 'चालत राहा, मी सांगेन तेव्हा थांबा' म्हणणे निराळे. संथ सरकणाऱ्या चित्राला दुसरी रीत बरी; अचानक उसळलेला चेंडू गाठावयाचा तर पहिलीच.

संगणकातल्या कॅमेऱ्याचा शास्त्रीय विचार याच सुमारास सुरू झाला. १९९० साली कॅनडातील कॉलिन वेअर आणि स्टीव्हन ऑसबोर्न यांनी एक सोपा पण मूलगामी प्रयोग केला. हातात धरून हवेत फिरविण्याचे एक साधन त्यांनी लोकांना दिले आणि तीन कल्पना सांगितल्या. पहिली, तुमच्या हातात तुमचा डोळाच आहे असे समजा. हात न्याल तेथून दिसेल. दुसरी, तुमच्या हातात ते दृश्यच आहे असे समजा. बाजारात नारळ फिरवून पाहतो तसे ते फिरवा. तिसरी, तुम्ही विमानात बसला आहात आणि हातात त्याचा दांडा आहे असे समजा. साधन एकच, कल्पना तीन. परिणाम काय झाला? एखादा ठोकळा न्याहाळावयाचा तर नारळाची कल्पना उत्तम ठरली. भुलभुलय्यातून वाट काढावयाची तर तीच निरुपयोगी ठरली आणि विमानाची कल्पना सरस ठरली. सर्वत्र श्रेष्ठ अशी एकही रीत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. काम कोणते हे कळल्यावाचून मूठ ठरविता येत नाही, हे आमचे कारागीर पूर्वीपासून जाणतात. सुताराच्या पेटीत पटाशी एकच नसते ती काय हौसेने?

१९९२ साली मायकेल ग्लायकर आणि अँड्र्यू विटकिन यांनी आणखी एक मार्ग दाखविला. कॅमेरा कोठे न्यावा याची चिंता माणसाने करूच नये. चित्रातील एखादा बिंदू बोटाने धरावा आणि चौकटीत जेथे हवा तेथे ओढावा. कॅमेरा कोठे असला म्हणजे तो बिंदू तेथे येईल हे गणित संगणक करील. यात एक मोठे शहाणपण आहे. कॅमेरा चालविणारा मनात कोनांचा विचार करीत नाही. वक्त्याच्या डोक्यावर किती मोकळी जागा राहिली, तो ज्या बाजूला पाहतो आहे तिकडे श्वास घेण्याइतकी जागा आहे की नाही, याचा विचार करतो. संशोधकांनी हा विचार यंत्राच्या भाषेत आणला.

थेट प्रक्षेपणात आभासी कॅमेरा आला तो मात्र जुन्या कॅमेऱ्याचे बोट धरून. १९९० च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने एक युक्ती काढली. स्टुडिओच्या छताला गोल पट्ट्यांच्या खुणा लावल्या आणि खऱ्या कॅमेऱ्यावर वर पाहणारा एक छोटा कॅमेरा बसविला. छतावरच्या खुणा पाहून संगणकाला कळे की खरा कॅमेरा नेमका कोठे आहे आणि कोठे पाहतो आहे. त्याच हालचालीने संगणकातला कॅमेरा खोट्या नेपथ्यात फिरे. कॅमेरा चालविणाऱ्याला नवे काहीच शिकावे लागले नाही. तेच दांडे, तेच ओझे, तीच झूम. रिकाम्या रंगीत भिंतीपुढे तो आपले नेहमीचे काम करी, आणि पडद्यावर राजवाडा फिरे. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत शहाणे नियंत्रण होय.

दुसऱ्या दिशेने ताकेओ कानाडे यांचे काम चालले होते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी पाच मीटर व्यासाच्या घुमटावर ५१ कॅमेरे बसवून आतील माणसांची त्रिमिती प्रतिकृती करण्याचे प्रयोग केले. २८ जानेवारी २००१ रोजी टँपा येथील सुपर बोल सामन्यात त्यांच्याच सहकार्याने मैदानाभोवती तीसहून अधिक कॅमेरे यांत्रिक बाहूंवर लावले गेले. एवढे कॅमेरे एकदम हलवावयाचे कोणी? एक माणूस एकच कॅमेरा आपल्या नेहमीच्या हाताने चालवी. तो जेथे पाही तेथेच पाहण्यासाठी बाकीच्या प्रत्येकाने किती वळावे, किती झूम करावे, हे संगणक ठरवी. दिंडीत पुढचा विणेकरी पाऊल टाकतो आणि मागची दिंडी चालते, तसे. मग चित्रे एकामागून एक जोडून खेळाडूभोवती गरकन फिरल्याचा देखावा निर्माण झाला. तीस यंत्रे, पण भरवसा एका हातावर.

चित्रपटवाल्यांनीही हाच धडा गिरविला. २००९ च्या 'अवतार' चित्रपटासाठी जेम्स कॅमेरॉन यांच्या हाती एक पडदा होता. त्याला मुठी होत्या, पण भिंग नव्हते. तो हातात घेऊन ते चालत, आणि पडद्यावर संगणकातले अरण्य दिसे. २०१९ च्या 'लायन किंग'मध्ये सारी वनराई संगणकात होती. तरीही रिकाम्या दालनात खरे रूळ टाकले, खरी ढकलगाडी आणली आणि त्या जुन्या दोन चकत्याही आणल्या. कालेब देशानेल यांच्यासारख्या मुरलेल्या छायालेखकाचा चमू ते सारे हलवी आणि संगणकातला कॅमेरा तसा हले. ज्या कॅमेऱ्याला वजन नाही त्याला चालविण्यासाठी माणसांनी मुद्दाम वजन परत आणले. कारण वजन गेले की चित्रातील जिवंतपणा जातो, हे प्रेक्षकाचे डोळे ओळखतात.

आता चौकट कापण्याच्या साध्या प्रकाराकडे येऊ, कारण तोच आपल्या गावांपर्यंत पोहोचणार आहे. फोर-के नावाच्या मोठ्या चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू असतात. नेहमीच्या एचडी चित्रात १९२० आणि १०८०. म्हणजे एका मोठ्या चित्रात चार नेहमीची चित्रे मावतात. दोन-तीन स्थिर कॅमेरे लावले की त्यांतून कितीतरी चौकटी कापता येतात. बीबीसीच्या संशोधकांनी २०१० च्या दशकात असे प्रयोग केले. एकच माणूस टेबलाशी बसून चौकटी आखणार, त्या निवडणार आणि प्रक्षेपित करणार. ज्या छोट्या कार्यक्रमांसाठी प्रक्षेपणाची गाडी आणि दहा माणसे कधीच गेली नसती ते कार्यक्रम लोकांना दिसावेत, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो आम्हाला मान्य आहे.

परंतु त्या एका माणसाच्या हाताचा विचार करा. जी चौकट आत्ता जगासमोर आहे ती हलवावयाची तर संथपणे, आणि पुढची चौकट तयार करावयाची तर झटकन. दोन्ही एकाच हाताने, एकाच पडद्यावर. चुकून पहिलीला झटका बसला तर सर्वांना दिसणार. म्हणून चांगल्या रचनेत पुढची चौकट वेगळी ठेवतात, आणि चालू चौकटीला संगणक कृत्रिम ओझे लावतो. ती हळू निघते, वेग घेते आणि हळू थांबते. मिलर यांच्या बैठकीतला द्रव आता आकड्यांत उतरला आहे. ते ओझे फार झाले तर चौकट मागे रेंगाळते आणि वक्ता चौकटीबाहेर निघून जातो; कमी झाले तर चित्र थरथरते. ते किती असावे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ज्याने कॅमेरा चालविला आहे त्याच्या हाताला विचारावे लागते. आणखी एक गोष्ट. मैदानावर चार तारांवर टांगलेला कॅमेरा आपण पाहतो. तो उडविणारा एक आणि वळविणारा दुसरा, अशी दोन माणसे त्यामागे असतात. एका हाताला जे पेलत नाही ते दोघांत वाटावे, हा अनुभवाचा नियम. तो टेबलाशी बसलेल्या एकट्या माणसालाही लागू आहे.

शेवटचा टप्पा असा की, मूठ कोणाच्याच हाती द्यावयाची नाही. १९९६ साली ली-वेई ही, मायकेल कोहेन आणि डेव्हिड सेलेसिन यांनी संगणकाला चित्रपटांचे व्याकरण शिकविले. दोघे बोलत असतील तर आधी दोघे दाखवावे, मग एकाच्या खांद्यावरून दुसरा, अशा रूढ रीती त्यांनी नियमांत बसविल्या आणि संगणक आपोआप कॅमेरा निवडू लागला. या रीती आल्या कोठून? दिग्दर्शकांच्या आणि छायालेखकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामातून. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसच्या फुटबॉल क्लबने आपला सामना अशाच स्वयंचलित कॅमेऱ्याने दाखविला. चेंडू ओळखून चौकट त्याच्यामागे न्यावी, अशी ती योजना होती. परंतु रेषेवरील पंचांचे टक्कल उन्हात चकाकत होते. यंत्राने त्यालाच चेंडू मानले आणि गोलाकडे धाव चालली असता पुनःपुन्हा त्या गृहस्थांचे दर्शन घडविले. जगभर लोक हसले. आम्हीही हसलो. परंतु हसून झाल्यावर विचार करावा तो असा की, ज्याला चेंडू आणि टक्कल यांतील भेद कळत होता तो माणूस त्या वेळी घरी बसला होता. पुढील वर्षांत यंत्र ती चूक सुधारील यात शंका नाही. पण सुधारील ते कोणाचे चित्रण पाहून? त्याच माणसांनी आयुष्यभर केलेले चित्रण पाहून.

यंत्राला आमचा विरोध नाही. बोटे तुटण्याचे काम यंत्राने घ्यावे यासाठी आम्ही स्वतः भांडलो आहोत. आमचा आग्रह हिशेबाचा आहे. आभासी कॅमेऱ्याची मूठ घडविताना तो चालविणारा माणूस पहिल्या दिवसापासून त्या खोलीत हवा. यंत्र तयार झाल्यावर त्याला शिकविण्यासाठी बोलावणे म्हणजे विचारणे नव्हे. चौघांचे काम एकाने करावयाचे ठरले तर उरलेल्या तिघांना नवे कोणते काम शिकवावयाचे हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे, आणि त्या एकाच्या विश्रांतीच्या वेळा चौघांच्या कामाच्या मानाने ठरल्या पाहिजेत. यात दयेचा प्रश्न नाही. ज्यांच्या हातांची सवय यंत्रात ओतली, त्यांची ती ठेव आहे. ठेवीवर व्याज मागणे याला कोणी भीक म्हणत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या कामगारांचा नाही. आज गावोगावच्या व्याख्यानांचे, कीर्तनांचे, ग्रामसभांचे थेट प्रक्षेपण होऊ लागले आहे. सभागृहाच्या मागे एखादा मुलगा एका पडद्यापुढे बसलेला असतो. बाहेर बसलेल्यांना वक्ता दिसेल की प्रश्न विचारावयास उठलेली शेवटच्या रांगेतली बाई दिसेल, हे त्याची चौकट ठरविते. ती बाई उठली हे यंत्राला कळेलही. ती काही महत्त्वाचे बोलणार आहे हे तिच्या उभे राहण्यावरून त्या मुलाला कळते. तेव्हा पुढच्या वेळी सभा संपल्यावर वक्त्याला हार घालून झाला म्हणजे दोन पावले मागे जावे आणि त्या मुलाला विचारावे, बाबा रे, तुझ्या हाताला हे बटण बरे पडते का? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला बहुधा प्रथमच विचारला जात असेल, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल.